शेगडीमागचा माणूस



परीक्षेच्या आधी मुलांना उत्साह यावा म्हणून आईबाप काहीबाही कबूल करून बसतात. आम्हीही बसलो. थोरल्या लेकीला सहज म्हणालो, "दहावीला ऐंशीच्या वर गेलीस तर म्हणशील तिथे जेवायला नेऊ." ती शहाऐंशीवर गेली, अल्हमदुलिल्लाह. आम्हाला वाटले, बिर्याणीवर भागेल. पण तिने नाव घेतले बार्बेक्यूचे. मैत्रिणी जाऊन आल्या होत्या, फोटोही दाखवून झाले होते. हॉटेल पुण्यातले, चांगले नावाजलेले. आमच्या तालुक्याच्या गावापासून एस.टी.ने तीन तास. हॉटेलचे नाव इथे देत नाही. जाहिरात करण्याचा हेतू नाही, आणि पुढे जे सांगायचे आहे त्यात चूक असलीच तर ती आमची आहे, त्यांची नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून आम्ही दोन प्रश्न विचारले. गोश्त हलाल आहे का? आणि दारू मिळते का? पलीकडच्या मुलाने शांतपणे सांगितले, "हलाल आहे सर, सर्टिफिकेट काउंटरवर लावलंय. आणि आपल्याकडे बार नाही." झाले, अर्ध्या मिनिटाचे काम. आपल्यातले बरेच जण संकोचाने हे विचारत नाहीत, मग तिथे जाऊन मनात शंका घेऊन नुसते पनीर खातात आणि घरी येऊन चिडचिड करतात. जैन कुटुंब कांदा-लसणाचे विचारते, उपवासाचा माणूस साबुदाण्याचे विचारतो, त्यात कोणाला काही वाटत नाही. आपणही सरळ विचारावे आणि सरळ उत्तर घ्यावे.

तर आमची अम्मी, आमच्या बेगम, थोरली, धाकटा आणि आम्ही असे पाच जण ठरलेल्या वेळी जाऊन बसलो. टेबलाच्या मधोमध एक खाच होती. एका मुलाने धगधगत्या कोळशांची लांबट शेगडी आणून त्या खाचेत बसवली. वर सळया मांडल्या. बाजूला एक इवलासा झेंडा उभा केला. झेंडा उभा असेपर्यंत कबाब येत राहणार, आडवा केला की थांबणार.

अम्मीने चष्मा सारखा करून सगळे पाहून घेतले. "शेगडी आपल्यासमोर, भाजायचं आपण, आणि पैसेही आपणच द्यायचे?"

धाकटा म्हणाला, "दादी, भाजून आणलंय. हे फक्त गरम राहायला आहे."

"मग झेंडा कशाला? पंधरा ऑगस्ट आहे होय?"

आमच्या बेगम हसता हसता पाणी सांडून बसल्या.

मग येणे सुरू झाले. कोंबडीची टंगडी, मलाई टिक्का, कोळंबी, मासळी, पनीर, मशरूम, मसाला लावून भाजलेले अननस. आणि मटणाचा सीख कबाब. कबाब खरोखर उत्तम होते, यात शंका नाही. अम्मीची कवळी आहे, कडक काही चालत नाही. तिने सीख कबाबचा तुकडा तोडला, बिस्मिल्लाह करून तोंडात घातला, आणि दुसरा मागितला. आमच्या अम्मीने बाहेरचे काही दुसऱ्यांदा मागितलेले आम्ही तरी पाहिले नव्हते. ती वाढणाऱ्या मुलाला म्हणाली, "बेटा, हा कोणी केलाय?"

"शेफनी, आजी."

"नाव काय त्याचं?"

मुलगा गोंधळला. हा प्रश्न त्याला कोणी विचारला नसावा. "विचारून सांगतो," म्हणून तो आत गेला.

इकडे आमच्या टेबलावर वेगळाच कारभार चालला होता. माणशी जो दर होता, त्याला पाचाने गुणले की आमच्या घरच्या दोन महिन्यांच्या दुधाच्या बिलाला मागे टाकत होता. मास्तरचा जीव. मनातला हिशेब थांबेना. आम्हीच धाकट्याच्या कानात सांगितले, "रोटी-भाताला हात लावू नकोस, आधी हे घे. वसूल झालं पाहिजे." त्याने ते इतके मनावर घेतले की आलेली प्रत्येक सळई आपल्या ताटात रिकामी केली. आम्हीही मागे नव्हतो. थोड्या वेळाने पोटे भरली आणि झेंडा आडवा झाला. ताटात बघतो तर अर्धवट चावलेल्या टंगड्या, न शिवलेले टिक्के, चार सीख कबाब, थंड झालेली कोळंबी. मोजले असते तर पंधरा-वीस तुकडे सहज निघाले असते. बेगमनी विचारले, बांधून मिळेल का. अशा ठिकाणी पोटभर खाण्याचा एकच दर असतो, म्हणून घरी न्यायला देत नाहीत. नियम आपल्या जागी बरोबर आहे. नाहीतर लोक डबे घेऊन येतील.

तेवढ्यात आतून एक तिशीतला माणूस आला. पांढरा कोट, डोक्याला टोपी, कोपरापर्यंत हातावरची लव जळालेली. त्याने आधी अम्मीला सलाम केला. "आजी, तुम्ही नाव विचारलंत म्हणे." मग आमच्याकडे पाहिले आणि जरा थांबला.

"सर, ओळखलंत?"

ओळखले नव्हते. पण मास्तर लोक अशा वेळी जे करतात तेच आम्ही केले. "हो, हो, कसा आहेस?"

तो हसला. "नाही ओळखलंत. नववी ब. शेवटचा बाक. माझी वेलांटी नेहमी चुकायची. ऱ्हस्व तिथे दीर्घ."

वेलांटीवरून आठवले. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या वर्गात हा होता, आणि त्याचे वडील शाळेच्या कोपऱ्यावर संध्याकाळी कबाबची गाडी लावत. त्याच क्षणी दुसरेही एक आठवले, आणि घास गिळल्यासारखे झाले. पण ते नंतर सांगतो.

त्याची नजर आमच्या ताटांवर गेली. तो काही बोलला नाही. नुसते पाहिले आणि नजर काढून घेतली. अम्मीच्या ते लक्षात आले. तिने धाकट्याचे ताट आपल्यापुढे ओढले आणि म्हणाली, "बसा सगळे. बरकत कुठल्या घासात आहे, कुणाला ठाऊक? संपवूनच उठायचं." मग आम्ही पाचही जण त्या ताटांवर बसलो. तुकडे गरम करायला शेगडी समोर होतीच. गोडाची वेळ आली तेव्हा कोणाच्या पोटात जागा नव्हती, आणि तक्रार करायला तोंड नव्हते. इसराफबद्दल जुम्म्याच्या बयानात कितीतरी वेळा ऐकले आहे. पण बयान ऐकताना पुढ्यात ताट नसते.

गर्दी ओसरत होती. साहेबांना विचारून तो दहा मिनिटे आमच्याजवळ उभा राहिला. बस म्हटले तरी बसला नाही, ड्युटीवर बसत नाहीत म्हणाला. लेकीने त्याला विचारले, घरी केलेला सीख कबाब सळईवरून गळून का पडतो? मग त्याने जे सांगितले ते आमच्या बेगमनी तिथल्या तिथे मोबाईलमध्ये लिहून घेतले. बकरी ईदला तुमच्याही कामी येईल म्हणून देतो.

खिम्यात पाणी राहिले की कबाब गळतो. म्हणून कांदा किसल्यावर पिळून घ्यायचा, कोथिंबीर-पुदिना धुतल्यावर पूर्ण कोरडा करायचा. खिमा दोनदा दळायचा आणि मीठ घालून चांगला मळायचा, कणकेसारखा. मळल्यावर तो चिकट होतो आणि स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. तरी सैल वाटला तर भाजलेल्या चणाडाळीचे पीठ थोडेसे घालायचे. अगदी कोरडा, बिनचरबीचा खिमा नको. चरबी नसेल तर कबाब चामड्यासारखा होतो. सळई गोल नको, चपटी हवी. गोल सळई फिरवली की सळईच फिरते, मांस तिथेच राहते. लावताना हात ओला ठेवायचा.

कच्ची पपई मांस मऊ करते. तिच्यात पपेन नावाचा घटक असतो, तो मांसाचे धागे तोडतो. पण पपई मोजून घालावी आणि वेळ बघून भाजायला घ्यावे. रात्रभर विसरलात तर सकाळी टिक्का नाही, लगदा मिळतो.

आणि कोळसा. ज्वाळेवर भाजू नये. ज्वाळेवर वरून काळे होते आणि आत कच्चे राहते. कोळशावर पांढरी राख धरली की मगच सळई ठेवावी. कबाबची चरबी कोळशावर ठिबकते, तिचा धूर उठतो, तोच धूर कबाबला लागतो. पैसे मसाल्याचे घेतात, पण लोक येतात त्या वासासाठी, असे तो म्हणाला. करपलेला काळा भाग मात्र काढून टाकावा, तो चव नव्हे. बंद खोलीत किंवा दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी कधीही पेटवू नये. कोळशाचा जो वायू असतो त्याला वास नसतो, आणि माणूस झोपेतच जातो. हे त्याने लेकीकडून दोनदा वदवून घेतले.

"आणि पंखा?" धाकट्याने विचारले. त्याने गाडीवर पंखा पाहिला होता.

"पंखाच तर सगळं आहे," तो म्हणाला. "गॅसला बटण असतं, कोळशाला पंखा असतो. जोरात हलवला तर आच वाढते, थांबलात तर राख धरते. एका शेगडीवर चार जागी चार आच ठेवायच्या असतात. इथे कोंबडी, इथे खिमा, इथे मासळी. मासळीला जरा जास्त वारा लागला की संपली. लोकांना वाटतं, पंखा काय, कोणीही हलवेल. मला नीट जमायला सहा वर्षं लागली. अब्बा शिकवायचे."

आता ती दुसरी आठवण.

नववीत हा मुलगा वर्गात पेंगायचा. कपड्यांना धुराचा वास यायचा. रात्री अकरापर्यंत तो वडिलांच्या गाडीवर उभा असे, हे आम्हाला माहीत होते. बी.एड.ला विद्यार्थ्याची घरची परिस्थिती समजून घेण्यावर आम्ही पानेच्या पाने लिहिली होती. तरी एके दिवशी व्याकरणाच्या तासाला तो झोपलेला दिसला आणि आमचा तोल गेला. भर वर्गात आम्ही म्हणालो, "रात्रभर पंखाच हलवायचा असेल तर इथे कशाला येतोस? शिकला नाहीस तर जन्मभर तेच करशील." सगळा वर्ग हसला. तोही कसनुसा हसला होता. दहावीला तो आमच्या शाळेत नव्हता. अशी मुले दरवर्षी गळतात, आम्ही चौकशी केली नाही.

हे सगळे समोर उभे असताना गप्प बसणे आम्हाला जमले नाही. घरच्यांच्या देखत आम्ही म्हणालो, "बेटा, आम्ही तुला एकदा वर्गात फार वाईट बोललो होतो."

"आठवतं सर," तो म्हणाला.

आम्हाला वाटले होते, तो म्हणेल, "कशाला सर, विसरा." तो तसे म्हणाला नाही. जरा वेळाने खाली पाहत म्हणाला, "मला तेव्हा एवढं काही वाटलं नव्हतं. सर लोक बोलतातच. पण त्या दिवशी अब्बा फी भरायला आले होते. खिडकीबाहेर उभे होते. त्यांनी ऐकलं."

आमच्या तोंडून शब्द फुटेना.

"ते मला कधी काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गाडी शाळेच्या कोपऱ्यावर लावायची बंद केली. एस.टी. स्टँडकडे न्यायला लागले. तिथे धंदा निम्मा व्हायचा." मग स्वतःच म्हणाला, "इंतकाल होऊन चार वर्षं झाली त्यांना."

आम्ही माफी मागितली. त्याने हात हातात घेतला आणि म्हणाला, "माझं काही नाही सर, खरंच." 'माझं' या शब्दावर त्याने जोर दिला नाही, पण आम्हाला तो शब्द तसाच ऐकू आला. ज्यांची माफी मागायची ते आता नाहीत. आतून कोणीतरी हाक मारली, तो गेला. अम्मीने त्याच्या हातात शंभराची नोट ठेवली होती आणि मनगट धरून दुआ दिली होती, "हे हात सलामत राहोत." तेवढी एकच गोष्ट त्या संध्याकाळी आमच्या घराण्याकडून नीट झाली.

परतीच्या एस.टी.त धाकटा झोपला. लेकीने हळूच विचारले, "अब्बू, तुम्ही खरंच तसं बोलला होतात?"

"हो."

ती पुढे काही बोलली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्या शहाऐंशी टक्क्यांच्या दिवशी बापाला मिळालेले गुण तिने मनात कुठेतरी लिहून ठेवले असणार.

घरी आल्यावर आम्ही या धंद्याबद्दल थोडे वाचले. 'बार्बेक्यू' हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा. विस्तवावर काठ्यांची चौकट करून तिच्यावर मांस भाजत, त्या चौकटीचे नाव स्पॅनिश लोकांनी उचलले आणि पुढे ते इंग्रजीत गेले. आपला 'कबाब' अरबी-फारसीतून आला. म्हणजे विस्तवावर मांस भाजणे सगळ्या जगात आहे आणि कोणा एकाची मक्तेदारी नाही. पण आम्हाला थांबवले ते वेगळ्याच गोष्टीने. आपल्याकडची जुनी नावाजलेली कबाबची ठिकाणे पाहा. लखनऊचे टुंडे कबाबी, 1905 चे. हाजी मुराद अली यांना एक हात नव्हता, म्हणून लोक त्यांना टुंडे म्हणत. तेच दुकानाचे नाव झाले. त्यांचा कबाब सळईवरचा नव्हे, तव्यावरचा; पण एका हाताने केलेल्या कबाबने ते शहराची ओळख होऊन बसले. दिल्लीत जामा मशिदीजवळचे करीम, 1913 चे, हाजी करीमुद्दीन यांच्या नावाचे. आपल्या मुंबईत कुलाब्याला ताज हॉटेलच्या मागच्या रस्त्यावरचे बडे मियाँ. तिथे मोहम्मद यासीन यांनी 1946 मध्ये सीख कबाब विकायला सुरुवात केली. आजही लोक तिथे रस्त्यावर उभे राहून खातात. या तिन्ही पाट्यांवर भाजणाऱ्या-विकणाऱ्या माणसाचेच नाव आहे. जगाने त्यांच्या हाताला मान दिला. आणि आमच्या गावात तेच काम करणाऱ्या एका बापाला त्याच्या मुलाच्या मास्तरने मान खाली घालायला लावली.

बहिणींनो, भावांनो, हा प्रकार एकट्या आमचा नाही. आपल्या घरांत कान देऊन ऐका. "शिकला नाहीस तर पंक्चर काढशील." "गाडीवर भाजी विकशील." "गॅरेजमध्ये जाशील." आपण हे मुलांच्या भल्यासाठीच बोलतो. पण ज्या मोहल्ल्यात आपण राहतो तिथे पंक्चर काढणारा आपला चुलत भाऊ असतो, भाजी विकणारे आपले मामू असतात, आणि खिडकीबाहेर कोणाचे तरी अब्बा उभे असतात. बाहेरच्या माणसाने 'पंक्चरवाले' म्हणून आपल्याला हिणवले की आपण पेटून उठतो. मग तोच शब्द आपल्या दस्तरखानावर, आपल्याच मुलांसमोर, आपण धमकी म्हणून का वापरतो? मुलांना जरूर शिकवा. लेकीला पुढे विज्ञान शाखेला घालायचे आहे, कर्ज काढावे लागले तरी. पण शिकण्याचे कारण हलालच्या रोजीची लाज हे असू नये. दिवसा शाळा आणि रात्री धंदा करणाऱ्या मुलाला पहिल्या तासाला झोप येते, एवढे समजायला बी.एड. लागत नाही. त्याला पाच मिनिटे झोपू द्यावे आणि मधल्या सुट्टीत व्याकरण समजावून सांगावे. आम्ही ते केले असते तर त्याची वेलांटी सुधारली असती. कदाचित बरेच काही सुधारले असते.

शाळा सुरू झाली की शिक्षकांच्या पहिल्या बैठकीत आम्ही ही हकीकत सांगणार आहोत, स्वतःचे नाव न लपवता. आणि या महिन्यात त्याच्या अम्मींना भेटायला जायचे आहे. काय बोलायचे ते अजून ठरलेले नाही.

तुम्ही कधी अशा ठिकाणी गेलात तर आमच्यासारखे वसुलीला बसू नका. एका वेळी एक-दोन तुकडे घ्या, आवडले तर पुन्हा मागा. झेंडा आपल्याच हातात असतो. आणि कबाब आवडला तर तो कोणी केला ते विचारा. आमच्या अम्मीने विचारले म्हणून तर तो बाहेर आला.

त्याचे नाव इथे लिहावे का, असे आम्ही त्याला फोनवर विचारले. "नको सर," तो म्हणाला. "अब्बांचंही नको. आजींना सलाम सांगा."